हळू धावतानाही घड्याळात १७० ठोके? आधी पावलं मोजा

त्रास असा होता. पहाटे सहाला घरून निघायचं, बडोद्याच्या दांडिया बाजारातून कोठी चार रस्त्यापर्यंत चालत, तिथून हळूहळू धावायला सुरुवात. काळ्या घोड्यापाशी पोचेपर्यंत मनगटावरचं घड्याळ थरथरायला लागायचं. हृदयाचे ठोके मिनिटाला १७१, १७३, १७२. मी शेजारणीशी कामवालीच्या रजेबद्दल आरामात बोलतेय, धाप नाही, घाम नाही, आणि मनगटावर लाल पट्टी! मग कमाटीबागेत शिरून पाच-सात मिनिटं झाली की आकडा धाडकन १३५वर यायचा. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर पुन्हा तेच.

नोव्हेंबर ते जानेवारी हे चाललं. हल्ली आमच्या सकाळच्या मंडळींत दोघी-तिघींनी नेमकी हीच तक्रार केली, एकीने तर घाबरून धावणंच सोडलं. म्हणून मी काय केलं, त्यातलं काय फुकट गेलं आणि शेवटी गाठ कुठे सुटली ते सविस्तर लिहिते आहे. माझं घड्याळ मधल्या किमतीचं, मनगटावरून ठोके मोजणारं आहे. कंपनी कुठलीही असली तरी मोजायची पद्धत बहुतेक सगळ्यांची एकच, त्यामुळे मॉडेल सांगत बसत नाही.

आधी एक गोष्ट. स्वस्थ बसलेलं असताना छाती धडधडत असेल, धावताना छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर पुढचं काही वाचू नका, डॉक्टरांकडे जा. मीसुद्धा आधी ईसीजी काढून घेतला. तो नीट आला तेव्हाच घड्याळावर संशय घ्यायची माझी हिंमत झाली.

तोवर मी काय काय केलं होतं? आकड्यावर विश्वास ठेवून वेग कमी केला. तरी १७०. मग धावणं सोडून नुसतं चालले. चालताना आकडा ११५च्या आसपास राहायचा, म्हणून वाटलं, बरोबर आहे, आपलीच तब्येत ढासळली आहे. अ‍ॅप रोज सांगायचं की शरीरावर फार ताण आलाय, पुढचे ५० तास विश्रांती घ्या. मी आज्ञाधारकपणे घ्यायचे. तक्रार केली तर कंपनीच्या माणसाने फोनवर घड्याळ रीसेट करायला सांगितलं. तीनदा केलं. तिन्ही वेळा जुना सगळा हिशेब पुसला गेला आणि काळ्या घोड्यापाशी पुन्हा १७२.

गाठ सुटली ती आमच्या बाबांमुळे, म्हणजे सासऱ्यांमुळे. बाबा आता ७८ वर्षांचे. लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब करायला जायचे, अजूनही सकाळी बागेत येऊन दोन फेऱ्या मारतात. माझ्या हातातल्या घड्याळाबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतंच. एका रविवारी फुलांच्या घड्याळापाशी त्यांनी मला धावता धावता थांबवलं.

“किती दाखवतंय?”

“१७२.”

“हात दे.” उजव्या मनगटावर तीन बोटं, डोळे स्वतःच्या जुन्या चावीच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर. ओठ नुसते हलत होते. पंधरा सेकंद झाल्यावर म्हणाले, “तेहतीस. तेहतीस चोक एकशे बत्तीस. तुझं यंत्र चाळीस ठोके कुठून आणतंय?”

थांबल्याबरोबर ठोके उतरायला लागतात हे खरं, पण पंधरा सेकंदांत चाळीसने उतरत नाहीत. बाबा पुढे म्हणाले, “नाडी मोजत नाहीये, मग मोजतंय तरी काय?” हा प्रश्न मला तीन महिने सुचला नव्हता.

घरी आल्यावर अ‍ॅपमध्ये त्या दिवसाचा आलेख उघडला. ठोक्यांची रेघ होतीच. तिच्यावरच पावलांची रेघ, म्हणजे दर मिनिटाला किती पावलं पडली ती, चढवता येते हे तोवर पाहिलंच नव्हतं. चढवली, आणि दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या. ठोके १७२, पावलं मिनिटाला १७२. कोठीच्या रस्त्यावर रिक्षा आडवी आली म्हणून मी क्षणभर थांबले होते, तिथे दोन्ही रेघा एकदम खाली. अकराव्या मिनिटाला मात्र ठोक्यांची रेघ सुटून १३६वर आली आणि पावलांची १७२वरच राहिली. आणि ते चालतानाचे ११५? चालताना माझी पावलं मिनिटाला ११४ ते ११६ पडतात. म्हणजे ज्या आकड्याने मला ‘बरोबर आहे’ असं वाटायला लावलं, तोही माझ्या चपलांचाच होता.

असं का होतं

घड्याळाच्या पाठीमागे जे हिरवे दिवे लुकलुकतात ते त्वचेत प्रकाश सोडतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त किंचित वाढतं आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. या कमी-जास्तीवरून घड्याळ ठोके मोजतं. म्हणजे ते हृदयाला हात लावत नाही, लांबून प्रकाशाची उघडझाप बघून अंदाज बांधतं.

आता धावताना हात हलतो, घड्याळ त्वचेवर घासतं, दर पावलागणिक हिसका बसतो. त्या हिसक्यानेही प्रकाशाची तशीच उघडझाप होते. घड्याळात हालचाल मोजणारा दुसरा सेन्सर असतो, त्याच्या मदतीने हे हिसके वजा करायचे असा बेत असतो. पण नाडीची खूण क्षीण आणि पावलांची जोरदार असली की वजाबाकी चुकते, आणि पावलांचा ताल हाच नाडीचा ताल समजून घड्याळ त्याला चिकटून बसतं. धावताना बहुतेकांची पावलं मिनिटाला १६० ते १८० पडतात. जोरात व्यायाम करताना ठोकेही याच घरात असतात, त्यामुळे यंत्राला शंकाही येत नाही.

नाडीची खूण क्षीण का होते? थंडी. डिसेंबरच्या पहाटे बडोद्यात पारा बारा-तेरावर असतो, वर विश्वामित्री नदीच्या पुलावरचा वारा. गारठ्यात शरीर हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. दहा-पंधरा मिनिटं धावल्यावर अंग तापतं, वाहिन्या मोकळ्या होतात, खूण ठळक होते आणि आकडा धाडकन खऱ्यावर येतो. माझा १७२चा १३६ बागेतच का व्हायचा, ते यामुळे. मी मात्र काही दिवस त्याचं श्रेय बागेतल्या झाडांना आणि शुद्ध हवेला देत होते!

तुमचंही हेच आहे का, हे कसं ओळखाल

अ‍ॅपमध्ये पावलांची रेघ दिसत असेल तर वरची तपासणी पुरते. दिसत नसेल तर धावता धावता एक करून बघा. वेग तोच ठेवा, पण एक मिनिटभर बारीक आणि पटापट पावलं टाका, मग एक मिनिट लांब आणि संथ. दम तेवढाच लागतोय, तरी आकडा पावलांबरोबर वर-खाली होतोय असं दिसलं तर चोर सापडला. खरे ठोके इतक्या झटपट ताल बदलत नाहीत.

तिसरी परीक्षा बोटांची, आणि ती सगळ्यांत भरवशाची. थांबल्या थांबल्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला किंवा गळ्याच्या एका बाजूला हलकीच दोन बोटं ठेवायची, पंधरा सेकंद मोजायचं, चारने गुणायचं. अंगठ्याने मोजू नका, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. गळ्याच्या दोन्ही बाजू एकदम दाबू नका. आणि पूर्ण मिनिटभर मोजत बसू नका, तोवर ठोके उतरलेले असतात. चार-पाच दिवस घड्याळाचा आणि बोटांचा आकडा वहीत शेजारी-शेजारी लिहा. माझ्या वहीत पहिल्या दहा मिनिटांत ३५ ते ४०चा फरक होता आणि वीस मिनिटांनंतर तीन-चारचा.

मी काय बदललं

खरा गुन्हेगार निघाल्या माझ्या बांगड्या. हसू नका. डाव्या हातात दोन पाटल्या आणि त्यांच्यापुढे घड्याळ. पाटल्या धावताना खाली सरकायच्या आणि घड्याळाला ढकलत ढकलत मनगटाच्या हाडावर आणून ठेवायच्या. हाडावर घड्याळ सपाट बसत नाही, बाजूने फट राहते, फटीतून बाहेरचा उजेड आत जातो, आणि प्रत्येक पावलाला टकटक होते ती वेगळीच. घड्याळ हाडाच्या वर, कोपराच्या दिशेला दोन बोटं सोडून हवं. मी ते उजव्या हातात घातलं. अ‍ॅपमध्ये ‘कोणत्या हातात घालता’ अशी सेटिंग असेल तर तीही बदला. रोजच्या कामाचा हात जास्त हलतो आणि पावलांचा हिशेब त्याप्रमाणे लावावा लागतो.

पट्टा धावताना एक भोक घट्ट करायचा. हात झटकला तर घड्याळ सरकता कामा नये, पण बोटांना मुंग्याही येता कामा नयेत. धावून झाल्यावर पुन्हा सैल. दिवसभर घट्ट ठेवला तर खाली घाम साचून पुरळ येतं, मला आलं होतं. घड्याळाची पाठ आठवड्यातून दोनदा ओल्या फडक्याने पुसते. वाळलेला घाम आणि थंडीत हाताला चोळलेलं तेल यांचा पातळ थर काचेवर बसतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मनगटावर गडद गोंदण असेल तर तिथे प्रकाश अडतो, हात बदलणं हाच उपाय.

थंडीसाठी दोन गोष्टी. लांब बाह्यांचा शर्ट, बाही घड्याळावरून ओढलेली. आणि निघण्याआधी घरातच सात-आठ मिनिटं जागच्या जागी चालणं, हात फिरवणं, जिना एकदा वर-खाली. मग घड्याळात ‘धावणे’ हा प्रकार सुरू करून आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा मिनिट थांबते. हे ‘सुरू’ दाबणं महत्त्वाचं आहे. नुसतंच धावायला लागलात तर बरेचसे बँड बॅटरी वाचवायला ठोके सतत मोजत नाहीत, मधूनमधून मोजतात, आणि मग आलेखात डोंगर-दऱ्या दिसतात.

एवढ्याने माझा नव्वद टक्के त्रास गेला. उरलेल्यासाठी छातीचा पट्टा घेतला. तो प्रकाशावर चालत नाही, हृदयाचे विजेचे संकेत थेट टिपतो, त्यामुळे पावलांशी त्याचं देणंघेणं नाही. तोही सुरुवातीला लहरीपणा करतो, पण फक्त कोरडा घातला तर. आतल्या दोन पट्ट्या पाण्याने ओल्या करून घाला. रोज घालायची गरज नाही, मी महिन्यातून तीन-चारदा घड्याळाची परीक्षा घ्यायला घालते.

आकडा खरा झाला, तरी पट्टी लालच

इथे मला वाटलं होतं की संपलं. आता घड्याळ १३८ दाखवत होतं, बोटंही १३८ सांगत होती, आणि अ‍ॅप म्हणत होतं ‘कठीण व्यायाम’. मी अजूनही शेजारणीशी गप्पाच मारत होते.

घड्याळं व्यायामाचे झोन, म्हणजे सोप्यापासून कठीणपर्यंतचे टप्पे, पाडतात ते कमाल ठोक्यांच्या टक्केवारीने. आणि कमाल ठोके कुठून आणतात? तुम्ही दुसरं काही भरलं नसेल तर बहुधा २२० वजा वय. माझं वय ४६, म्हणून कमाल १७४. हे सूत्र सरासरीचं आहे. एकेका माणसाचा खरा आकडा त्याच्यापासून दहा-बारा ठोके इकडे-तिकडे असणं अगदी सामान्य. २००१ साली आलेलं दुसरं सूत्र आहे, २०८ वजा वयाच्या ७० टक्के. ते वयस्कर मंडळींना जास्त जवळचं पडतं. माझ्या वयाला दोन्हींत दोनच ठोक्यांचा फरक, पण बाबांचे पहिल्या सूत्राने १४२ येतात आणि दुसऱ्याने १५३.

माझा खरा आकडा मला पावागडावर कळला. रोपवे सोडून माचीपासून पायऱ्यांनी वर गेलो, छातीचा पट्टा घातलेला, आणि शेवटच्या चढावर मुलाशी पैज लावून मी जीव खाऊन चढले. पट्ट्याने १८७ नोंदवले. म्हणजे १७४ला ‘कमाल’ मानणारं घड्याळ मला रोज तेरा ठोके लुबाडत होतं. (हा प्रयोग मी ईसीजी झाल्यावर आणि वर्षभर व्यायामात असताना केला. दोन महिन्यांपूर्वी चालायला सुरुवात केलेल्यांनी पैजा लावू नयेत.)

आता गंमत बघा. सोप्या व्यायामाचा झोन म्हणजे कमालच्या ६० ते ७० टक्के, असं घड्याळ म्हणतं. १७४ धरले तर १०४ ते १२२. १८७ धरले तर ११२ ते १३१. तिसरी एक पद्धत आहे, तिच्यात विश्रांतीतले ठोकेही धरतात. माझे सकाळी उठल्या उठल्या ६२ असतात. कमालमधून ते वजा केले की १२५ उरले. त्यांचे ६० ते ७० टक्के काढून ६२ मिळवले की येतात १३७ ते १५०. तीन हिशेब, तीन उत्तरं, आणि प्रत्येकाला अ‍ॅप ‘झोन २’च म्हणू शकतं! एका मैत्रिणीचं घड्याळ एका पद्धतीने मोजतं, माझं दुसऱ्या. आम्ही दोघी झोनांची तुलना करून भांडत होतो.

मग सीमा ठरवायची कशी? बोलून. मी छातीचा पट्टा घालून धावले आणि दर थोड्या वेळाने एक पूर्ण लांब वाक्य म्हणून पाहिलं. रामरक्षेच्या ओळी सोयीच्या पडल्या. १३८-१४०पर्यंत ओळ एका श्वासात सुटत होती, १४५ला मध्ये तुटायला लागली. अ‍ॅपमध्ये झोन हाताने भरायची सोय असते, तिथे मी सोप्याची वरची मर्यादा १३८ लिहिली. बीटा ब्लॉकर वर्गातली रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ठोके औषधानेच दाबलेले असतात, कुठलंच सूत्र लागू होत नाही. तिथे डॉक्टरांचा सल्ला आणि ही बोलण्याची परीक्षा, एवढंच.

यानंतर माझा व्यायाम खरोखर बदलला. आधी मी रोज मध्यम दमायचे, ना सोपं ना कठीण. आता आठवड्यात तीन दिवस १३८च्या खाली, कितीही हळू वाटलं तरी. एक दिवस पुलाच्या चढावर दोन-दोन मिनिटांचे पाच जोरदार टप्पे, आणि त्या दिवशी घड्याळाकडे बघतसुद्धा नाही, कारण इतक्या छोट्या टप्प्यांत मनगटावरचा आकडा मागेच राहतो, टप्पा संपल्यावर वर पोचतो. आणि महिन्यातून एकदा तीच पाच किलोमीटरची वाट, तीच वेळ, १३८ ठोके धरून. पहिल्यांदा किलोमीटरला ८ मिनिटं ४० सेकंद लागले होते. गेल्या डिसेंबरात, तेवढ्याच ठोक्यांत, ७ मिनिटं ५५ सेकंद. सगळ्या अ‍ॅपमधला माझ्या उपयोगाचा आकडा हा एकच.

डिसेंबर मुद्दाम सांगितला. मे महिन्यात हीच परीक्षा घेतली तर तुम्ही रडाल. उन्हाळ्यात शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, दर ठोक्याला कमी रक्त फेकलं जातं, म्हणून हृदयाला ठोके वाढवावे लागतात. वेग तोच असून माझे १३८चे चाळीस मिनिटांत १५२ होतात. हा घड्याळाचा दोष नाही आणि तब्येत बिघडल्याची खूणही नाही. एप्रिल ते जूनमध्ये मी साडेपाचला निघते, धावणं आखूड करते आणि तुलना गेल्या उन्हाळ्याशी करते, गेल्या महिन्याशी नाही.

बाकीचे आकडे, थोडक्यात

कॅलरी. या आकड्यावर सेव-उसळ खाऊ नये. मी खाल्ली आहे, लारीवर, ‘आज ६४० जळल्या’ असं स्वतःला सांगून, वर तर्री आणि दोन पाव जास्तीचे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली. ठोके सातपैकी सहांचे पाच टक्क्यांच्या आतल्या चुकीने बरोबर होते. कॅलरी मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाच्याही सरासरी २७ टक्के चुकल्या, सर्वांत वाईटाच्या ९३ टक्के. ठोकेच पावलांचे असतील तर त्यांच्यावर उभ्या राहिलेल्या कॅलरींचं काय बोलावं.

पावलं. उत्तरायणाला मी दिवसभर गच्चीवर उभी राहून पतंग उडवला, घड्याळात ११ हजार पावलं. दोरा ओढायच्या प्रत्येक झटक्याला त्याने पाऊल मानलं. नवरात्रात गरब्याच्या टाळ्यांनी तेच होतं. उलट बाजारात दोन्ही हातांत पिशव्या धरून कितीही चाला, किंवा मॉलमधली ट्रॉली ढकला, हात हलत नाही म्हणून पावलं कमी. गरबा हा व्यायाम नाही असं मी म्हणत नाही, माझे ठोके तिथे पुलाच्या चढापेक्षा जास्त जातात. पण त्या नऊ दिवसांचा पावलांचा आकडा दिवाळीनंतरच्या आठवड्याशी लावून ‘आपण घसरलो’ असं मानू नका. आणि १० हजारांचं ओझंही घेऊ नका. तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. वैद्यकशास्त्राने मोजून काढलेली मर्यादा नव्हे.

डंबेल्स, दंड, सूर्यनमस्कार. मनगट वाकतं, मूठ आवळली जाते, घड्याळाखालचं रक्त दबतं. आकडा बहुधा कमी येतो, कधी हरवतोच. त्या दिवशी किती वजन, किती वेळा, हे वहीत लिहा. बाबा हे कोळशाने भिंतीवर लिहायचे म्हणे.

अंतर. बागेत दाट झाडांखाली जीपीएस भरकटतं आणि नकाशावर मी दोनदा विश्वामित्रीतून धावलेली दिसते, जिथे मगरी आहेत. उघड्यावर उभं राहून जागा पक्की सापडल्याची खूण आल्यावरच ‘सुरू’ दाबलं की हे बरंच कमी होतं. फोनची बॅटरी वाचवणारी सेटिंग अ‍ॅपला मागे बंद पाडत असेल तर अर्धी धाव गायब होते, तिथे अ‍ॅपला सूट द्या.

विश्रांतीतले ठोके मात्र कामाचे. एका दिवसाचा नको, सात दिवसांची सरासरी बघा. माझी ६२ची ६९ झाली की दोनच कारणं असतात, झोप कमी झालेली किंवा ताप येऊ घातलेला. मागच्या पावसाळ्यात ताप यायच्या दोन दिवस आधी ती चढली होती. त्या दिवशी मी धावले नाही, नुसतं सूरसागर तलावाला एक चक्कर मारून आले.

एक शेवटचं. घड्याळाचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की सेटिंग उघडून बघा. मागच्या अपडेटनंतर माझ्या आलेखात पुन्हा लाल पट्टी दिसायला लागली, आणि मी सवयीने आधी बोटांनी नाडी मोजली. नाडी ठीक होती. आत जाऊन पाहिलं तर कमाल ठोके गुपचूप १७४ झाले होते आणि हात पुन्हा डावा. दोन्ही बदलले, पाटल्या सारख्या केल्या आणि निघाले.